दात माझे, मत सगळ्यांचं

आपल्याकडे सांधेदुखी आणि दात या दोन विषयांवर सल्ला द्यायला कुठलीही पात्रता लागत नाही. शेजारी, रिक्षावाले, बँकेच्या रांगेत पुढे उभे असलेले गृहस्थ, कुणीही देऊ शकतं. गेला दीड महिना मी दुसऱ्या विषयावरचे सल्ले घेते आहे. फोनवर, व्हॉट्सॲपवर, एका बारशाला आणि (खरंच सांगते) एका दहाव्यालासुद्धा. तेव्हा म्हटलं, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं. नातेवाईकांनी आपापला भाग ओळखून घ्यावा. बाकीच्यांच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे, त्यांनी उपयोगाचं तेवढं घ्यावं.

तर प्रश्न असा. माझं वय ६९. वरचे दात जाऊन चार वर्षं झाली. तिथे कवळी आहे आणि तिचं नि माझं बरं चाललंय. खालचे शेवटचे पाच दात हिरड्यांच्या दुखण्यामुळे दोन महिन्यांपूर्वी काढावे लागले. मधुमेह आणि हिरड्या यांचं साटंलोटं जुनं आहे, एकाचं बिघडलं की दुसऱ्याचं बिघडतं. आता खाली काय बसवायचं?

डॉक्टरांनी कागदावर तीन पर्याय लिहून दिले. पहिला, साधी खालची कवळी, १५ हजार रुपये. दुसरा, जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांच्यावर टिचबटणासारखी बसणारी, पण हाताने काढता-घालता येणारी कवळी, १ लाख २० हजार. तिसरा, चार ते सहा इम्प्लांट आणि त्यांच्यावर कायमचे पक्के दात, साडेचार लाख. हे आकडे आमच्या डॉक्टरांचे. शहर, डॉक्टर आणि इम्प्लांटची कंपनी बदलली की आकडेही बदलतात. आणि हो, मेडिक्लेमच्या नावाने आधीच हुरळून जाऊ नका. अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा त्यात बसत नाही.

घरात लगेच दोन पक्ष पडले. बंगळूरुचे आमचे चिरंजीव आणि न्यू जर्सीची भाची हा एक पक्ष. त्यांचं म्हणणं, "आई, फिक्सच बसवून टाक. पैशांचा विचार करू नकोस." दुसऱ्या पक्षात सांगलीच्या वन्सं. त्यांचं म्हणणं, "या वयात कशाला हाडं टोकरून घ्यायची? मी बावीस वर्षं कवळीवर काढली, काय अडलं माझं?" दोन्हीकडे माया आहे, त्याबद्दल शंका नाही. पण "तुला या तोंडाने अजून काय काय करायचंय?" हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. कवळी की इम्प्लांट, हा प्रश्नच अर्धवट आहे. तो विचारला जातो तेव्हा त्यात जुनं की नवं, स्वस्त की महाग, आईवर खर्च केला की नाही केला, असले भलतेच प्रश्न मिसळलेले असतात. विचारायचं ते हे, की कुठला जबडा, काय खायचंय, काय बोलायचंय आणि दहा वर्षांनी ते तोंड साफ कोण करणार. ही उत्तरं मिळाली की निवड बरीचशी आपोआप होते.

आधी जबड्याबद्दल. वरची कवळी आणि खालची कवळी या दोन वेगळ्या जाती आहेत, हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो. मध्ये थुंकीचा पातळ थर असतो आणि ती चिकटून बसते. खाली तसं काही नाही. खालच्या कवळीला बसायला जागा घोड्याच्या नालेएवढी, आणि मधोमध जीभ. आणि जीभ ही काय स्वस्थ बसणारी वस्तू आहे? (विशेषतः आमच्या घराण्यात.) त्यामुळे खालची कवळी सरकते, उचलली जाते, खाली कण अडकतो आणि मग हिरडी सोलवटते.

त्यात भर म्हणजे हाड झिजतं. दात असतो तोवर त्याच्या मुळाभोवतीच्या हाडाला काम असतं. दात गेला की हाड आक्रसायला लागतं, पहिल्या वर्षात भराभर आणि पुढे आयुष्यभर हळूहळू. टॅल्ग्रेन या बाईंनी पंचवीस वर्षांच्या काळातल्या कवळीवाल्यांची मापं घेऊन १९७२ साली एक लेख लिहिला. वरच्यापेक्षा खालचा जबडा साधारण चौपट झिजतो, असं त्यात दिसलं. म्हणून आज घट्ट बसलेली खालची कवळी काही वर्षांत सैल होते. दोष कवळी करणाऱ्याचा नसतो, खालची जमीनच खचलेली असते. मग आतून नवीन थर देऊन घ्यायचा किंवा नवी करायची.

आता इम्प्लांटबद्दल. म्हणजे टायटॅनियमचा एक छोटा स्क्रू, जो हाडात बसवतात आणि हाड त्याला धरून घट्ट होतं. शोध लागला तो दातांच्या शोधात नव्हेच. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे स्वीडिश संशोधक १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाडाने तिला आपलंसं केलं होतं. दुसरा कुणी असता तर महागडी नळी वाया गेली म्हणून कपाळाला हात लावून बसला असता. ब्रोनेमार्कांनी १९६५ मध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट काम देत होते. चाळीस वर्षं! आमच्या सोसायटीची लिफ्ट दहा वर्षंसुद्धा धड चाललेली नाही.

तेव्हा "हे नवीन फॅड आहे" हा वन्संच्या पक्षाचा मुद्दा टिकत नाही. दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकतात, आणि खालच्या जबड्याचा पुढचा भाग तर त्यासाठी सगळ्यात भरवशाचा, कारण तिथलं हाड दणकट असतं. वयाचीही फारशी आडकाठी नाही. आड येतात त्या दुसऱ्या गोष्टी. साखर ताब्यात नसणं, तंबाखू नि सिगारेट, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतात ती काही औषधं. ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनेटचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्याआधी किंवा इम्प्लांटआधी डॉक्टरांना आठवणीने सांगा. क्वचित का होईना, जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच, त्या सांगायच्या आणि आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

वन्सं, रागावू नका, पण "काय अडलं माझं?" याबद्दल थोडं बोलते. तुमचं अडलं नाही, कारण तुम्ही एकेक गोष्ट सोडत गेलात. भाकरी आता दुधात कुस्करून. शेंगदाणे फक्त कूट म्हणून. पेरू नाही, काकडी नाही, चकली दिवाळीत हातात घेऊन नुसती पाहायची. लग्नात तुम्ही नेहमी शेवटच्या पंगतीला बसता, ते कामाच्या धांदलीमुळे असं आम्ही समजायचो. आता कवळी तोंडात आल्यावर मला कळलं की चारचौघांत घास चावताना कवळी हलली तर काय वाटतं. 'सवय झाली' या दोन शब्दांत बायका फार काही पोटात घालतात.

मला मधुमेह असल्यामुळे हा नुसता जिभेच्या चोचल्यांचा प्रश्न नाही. चावता येत नाही तेव्हा माणूस काय खातो? मऊ भात, साबुदाण्याची खीर, चहात बुडवलेलं बिस्किट, ब्रेड. म्हणजे नेमकं तेच, जे डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. आणि जे खायला सांगितलंय ते काय? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, मूठभर दाणे. सगळं चावायचं. दोन महिने मी खालच्या हिरडीवर काढते आहे, आणि साखरेचा रिपोर्ट त्याची साक्ष देतोय. चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण कुणा मधुमेही माणसानेच केली असावी. अर्थात नवे दात बसले म्हणजे लगेच आहार सुधारतो असं नाही. मऊ खायची सवय लागली की ती दात आल्यावरही राहते. पण निदान 'येत नाही' ही सबब तरी जाते.

आमच्या मालवणच्या मंडळींसाठी एक खास सूचना. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो, त्यामुळे माशाचा काटा तोंडात कुठे आहे ते नीट समजत नाही. सुरुवातीचे महिने पेडवे-तारल्यांच्या वाटेला जाऊ नका, सुरमईच्या तुकडीवर भागवा. हा अनुभवाचा नव्हे, शेजारच्या मालवणी काकूंचा सल्ला आहे. मी आपली अंड्यावर थांबलेली.

आता बोलणं. हा मुद्दा कुणाच्या यादीतच नव्हता आणि माझ्या यादीत तो पहिला आहे. निवृत्त झाल्यापासून मी दर गुरुवारी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. मराठी ही दातांची भाषा आहे हो! त, थ, द, ध, न, स तर आहेतच, पण आपल्याकडे च सुद्धा दोन आहेत. चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. चमच्यातल्या च ला, जहाजातल्या ज ला, झाडातल्या झ ला जिभेचं टोक दातांच्या मागे नेमक्या जागी टेकावं लागतं. तिथे कवळी केसभर हलली तरी मायक्रोफोनला कळतं. वरच्या कवळीनंतर मला पुन्हा स्वच्छ वाचायला सात आठवडे लागले होते. रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, अग्रलेख आणि छोट्या जाहिरातींसकट. आता खालचे दात नाहीत म्हणून दोन महिने गुरुवार बंद आहेत, आणि बारावीतली एक मुलगी दर आठवड्याला फोन करून विचारते, "मॅडम, पुढचं प्रकरण कधी?" खालची कवळी हलली, तर हे काम माझ्यापुरतं संपलं.

म्हणजे मग चिरंजीवांचं ऐकून साडेचार लाखांचे पक्के दात बसवावेत का? माझं उत्तर आहे, नाही. आणि याचं कारण पैसे नाहीत. म्हणजे आहेत, पण पहिलं नाहीत.

पहिलं कारण माझी आई. ती गेली तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती आणि शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. त्यातली दोन तिला आम्ही कोण ते ओळखू येत नव्हतं. तिची कवळी रोज रात्री मी काढायचे, साबण आणि मऊ ब्रशने धुवायचे आणि पाण्याच्या वाटीत ठेवायचे. ते काम दोन मिनिटांचं. पण तिच्या तोंडात ब्रश घालायचा म्हटलं तर ती दचकायची, तोंड घट्ट मिटून घ्यायची, कधी हात झिडकारायची. त्या तोंडात स्क्रूवर बसवलेले पक्के दात असते तर? पक्क्या दातांना कीड लागत नाही हे खरं, पण त्यांच्या मुळाशी घाण साचली की भोवतालची हिरडी सुजते, पू होतो, हाड झिजतं. म्हणून त्या दातांच्या पुलाखालून रोज दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा लागतो. आज मी तो फिरवीन. ऐंशीव्या वर्षी, बोटं थरथरत असताना? आणि नव्वदाव्या वर्षी माझं तोंड कोण उघडणार? दिवसपाळीची मुलगी की बंगळूरुहून व्हिडिओ कॉलवर तू?

हे अभद्र बोलणं नाही, हिशेब आहे. दात घेताना माणूस आजच्या स्वतःचा विचार करतो. दात मात्र पुढच्या वीस वर्षांच्या माणसाला वापरायचे असतात, आणि कदाचित त्याच्या उशाशी बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी साफ करायचे असतात. पंचेचाळीस-पन्नाशीत दात गेलेल्या, धडधाकट माणसाने पक्के दात जरूर बसवावेत, मीच आग्रह करीन. ६९ व्या वर्षी, आईचा वारसा डोक्यात बाळगणाऱ्या बाईने, बाहेर काढता येतील असे दात निवडावेत.

राहिला मधला पर्याय. दोन इम्प्लांट आणि त्यांच्यावर टिचबटणाची कवळी. हा गरिबाचा तडजोडीचा मार्ग आहे असं भाचीला वाटतं. तसं नाही गं. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात या विषयातले तज्ज्ञ जमले होते. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर पहिला पर्याय म्हणून साधी कवळी न देता दोन इम्प्लांटवरची कवळी द्यावी, असं त्यांनी म्हटलं. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कला जमलेल्यांनी त्याला दुजोरा दिला. कवळी सरकत नाही, घास चावता येतो, इम्प्लांटच्या आसपासचं हाड टिकायला मदत होते, आणि रात्री ती काढून धुता येते. तोंडात राहतात ती फक्त दोन बटणं, त्यांच्यावरून मऊ ब्रश कुणीही फिरवू शकतं. बटणांच्या आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात आणि अधूनमधून बदलाव्या लागतात, एवढी देखभाल आहे. शेवटी इम्प्लांट काय, कवळी काय, 'एकदाच केलं आणि विसरलो' असं काही नसतं.

आणि आता "पैशांचा विचार करू नकोस" याबद्दल. बाळा, हे वाक्य बोलणाऱ्याला उदार वाटतं, ऐकणाऱ्याला मात्र ते गप्प करतं. पैशांचा विचार मी चाळीस वर्षं केला म्हणून तू इंजिनिअर झालास. आता माझ्याच तोंडाच्या बाबतीत मी तो का करू नये? तीन लाख तीस हजारांचा फरक आहे. तेवढ्यात पुढची काही वर्षं मोतीबिंदू, गुडघे आणि दिवसपाळीची बाई यांची सोय होते. तुला द्यायचेच असतील तर इम्प्लांटचा निम्मा खर्च दे. निम्मा माझा. म्हणजे दात दोघांचे राहतील, पण चावण्याचा अधिकार माझा!

ज्यांना एक लाखही जड आहेत, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. चांगली केलेली साधी कवळी ही काही हार नाही. आपल्याकडे लाखो लोक त्यावर जेवतात. दंतवैद्यकीय महाविद्यालयांमध्ये, उदाहरणार्थ मुंबईत नायरला किंवा सेंट जॉर्जच्या आवारातल्या सरकारी कॉलेजात, खासगीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत कवळी होते. खेपा जास्त पडतात, पण शिकणारी मुलं मापं जीव लावून घेतात आणि मागे त्यांचे सर उभे असतात. रस्त्याकडेला एका बैठकीत कवळी करून देणारे भेटतात, त्यांच्या नादी मात्र लागू नका.

डॉक्टरकडे जाताना मी पाच प्रश्न लिहून नेले होते. कुणाला हवे असतील तर घ्या.

हाड पुरेसं आहे का, आणि ते थ्रीडी स्कॅन काढून पाहिलं का, की नुसत्या अंदाजाने सांगताय? (खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो.) इम्प्लांट कुठल्या कंपनीचा, आणि त्याच्या पाकिटावरचं लेबल मला मिळेल का? (दहा वर्षांनी दुसऱ्या गावात सुटा भाग लागला तर तेच कामाला येतं.) हाड धरेपर्यंतचे तीन-चार महिने मी काय खायचं, तात्पुरती कवळी मिळेल का? एक इम्प्लांट धरलाच नाही तर पुढचा खर्च कुणाचा? आणि पाचवा, तुम्ही स्वतःच्या आईला काय बसवलं असतं?

फ्लेक्सवर 'एका दिवसात दात' अशा जाहिराती दिसतात. त्या दिवशी मिळतात ते दात बऱ्याचदा तात्पुरते असतात, पक्के नंतर येतात. जाहिरात खोटीच असते असं नाही, पण बारीक अक्षर आपण वाचायचं. पहिल्या चार प्रश्नांवर जो डॉक्टर चिडेल, त्याच्या खुर्चीतून उठावं. आमचे डॉक्टर चिडले नाहीत. पाचव्यावर मात्र थोडं थांबले आणि म्हणाले, "आईला विचारलं असतं." मला हे उत्तर आवडलं.

असो. साखर ताब्यात आली की पुढच्या महिन्यात इम्प्लांट, दिवाळीनंतर कवळी, आणि नवीन वर्षात पुन्हा गुरुवारचं वाचन, असा बेत आहे. बारावीच्या त्या मुलीला तोवर माझी मैत्रीण वाचून देते आहे. वन्सं, तुमचं पहिलं माप मी घेऊन येणार, सांगलीत चांगले प्रोस्थोडॉन्टिस्ट आहेत असं ऐकलंय. बावीस वर्षांत खालची जमीन किती खचलीय ते एकदा बघू तर द्या. आणि ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसाच्या दातांवरून चर्चा चालू असेल, त्यांना एकच विनंती. ठरवण्याआधी त्या माणसाला विचारा, की तुम्हाला काय खावंसं वाटतं आणि कुणाशी काय बोलायचं राहिलंय. मग त्याच्या उत्तराचा कागद घेऊन डॉक्टरकडे जा.